आजाऱ्यांसाठी पाळक अटक करून घेतात, हे चर्चचं काम आहे का?

वैजू_रॉली
मी नॉर्थ कॅरोलिनात रॉलीला चौदा वर्षं राहतेय. 2013 च्या एप्रिलपासून इथल्या विधानसभेच्या इमारतीत दर सोमवारी माणसं जमायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, पोलिसांनी निघा म्हटलं तरी हलायची नाहीत, मग हातांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून त्यांना घेऊन जायचे. मॉरल मंडे म्हणायचे त्याला. पुढे असायचे विल्यम बार्बर, गोल्ड्सबरोच्या चर्चचे पाळक, अवजड माणूस, काठी टेकत चालणारा, कारण मणक्याचा आजार आहे त्यांना कित्येक वर्षं. त्या एका उन्हाळ्यात नऊशेच्या वर लोकांनी अटक करून घेतली. मागण्या बऱ्याच होत्या, मतदानाचा हक्क, शाळा वगैरे, पण मला भिडली ती मेडिकेडची.

भारतातल्यांसाठी थोडक्यात सांगते. मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा. 2010 च्या ओबामाच्या कायद्याने तो दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या सगळ्यांना द्यायचं ठरवलं, 2012 ला सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि आमच्या राज्याने 2013 ला नाही म्हटलं. आता गंमत बघा, गंमत कसली, डोकं फिरतं. खाजगी विम्यासाठी सरकारी सवलत मिळते दारिद्र्यरेषेच्या वर कमाई असेल तरच. त्याच्या खाली असाल, धडधाकट असाल आणि मुलंबाळं नसतील तर तेव्हा आमच्याकडे मेडिकेड पण नाही आणि सवलत पण नाही. म्हणजे कमी कमावता म्हणून मदत नाही!

आमच्या ऑफिसात रात्री साफसफाईला एक बाई यायच्या, त्या बरोब्बर या फटीत अडकलेल्या. इन्सुलिन अर्धं अर्धं करून घ्यायच्या. त्यांचं चर्च मदत करायचं, पण वर्षातून एकदा दोनदा, आणि इन्सुलिन तर रोज लागतं ना. म्हणून मला वाटतं की चर्चने दानपेटीवर न थांबता कायदा मागितला हे बरोबरच केलं. तुम्हाला काय वाटतं?

केदार_दापोली
बाईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मला हे पटत नाही आणि का ते सांगतो. पाळकाने बायबल हातात घेऊन विधानसभेत जायचं हे आज तुला आवडतंय कारण मागणी तुझ्या मनासारखी आहे. उद्या दुसरा पाळक तेच बायबल घेऊन गर्भपातबंदीचा कायदा मागायला येतो, तेव्हा त्याला कुठल्या तोंडाने सांगणार की बाबा धर्म घरी ठेव? आणि हे कल्पनेतलं नाहीये. 2010 लाच कॅथलिक बिशपांनी त्या आरोग्य कायद्याला विरोध केला होता, सरकारी पैसा गर्भपाताला जाईल म्हणून. धर्माला दार उघडलं की आत कोण येईल हे आपण ठरवू शकत नाही. आपल्याकडे हे काय कमी भोगतोय का आपण.

नगरची_रूथ
केदार, 2010 चं अर्धंच सांगितलंत. बिशप विरोधात होते हे खरं, पण त्याच वर्षी मार्च महिन्यात नन्स उघड उघड त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. सिस्टर सिमोन कॅम्पबेल यांच्या नेटवर्क संस्थेचं पत्र निघालं, त्यावर वेगवेगळ्या धर्मसंघांच्या प्रमुख नन्सच्या सह्या होत्या, आणि कॅथलिक हॉस्पिटलांच्या संघटनेच्या सिस्टर कॅरोल कीहान यांनीही जाहीर पाठिंबा दिला. ओबामाने सही केली त्यातलं एक पेन कीहानना दिलं. म्हणजे चर्चच्या आतच भांडण होतं आणि जन्म ज्यांचा हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी गेला त्या बायका एका बाजूला होत्या. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आमच्या घरात दोन नर्स, एक मिरजेला मिशन हॉस्पिटलला शिकलेली. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रभू काय विचारतो, मी आजारी होतो तेव्हा तू आलास का? आणि तो हे सगळ्या राष्ट्रांना गोळा करून विचारतो, एकेकट्या माणसाला बाजूला घेऊन नाही. हे वाचून जी माणसं सरकारच्या दारात जातात त्यांना आम्ही गप्प बसा कसं सांगायचं?

पम्या_डॅलस
रूथताई, मान ठेवून बोलतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आम्हालाही शाळेत होती, कॉन्व्हेंटला होतो मी. त्याने जखमीला उचललं, आपल्या जनावरावर बसवलं आणि उतारशाळेवाल्याला पैसे स्वतःच्या खिशातून दिले, शेजाऱ्याच्या खिशातून काढून नाही. टॅक्स म्हणजे सक्ती. सक्तीने केलेल्या दानाला दान म्हणत नाहीत.

आणि चर्चला करायचंच असेल तर रस्ते आहेत. 2019 ला शिकागोतल्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या चर्चेसनी मिळून 38 हजार डॉलर जमवले आणि त्यात 53 लाख डॉलरचं लोकांचं मेडिकल कर्ज विकत घेऊन माफ करून टाकलं, साडेपाच हजारावर कुटुंबं मोकळी झाली. एका झटक्यात. ना मोर्चा ना अटक. शिवाय ख्रिस्ती लोकांच्या खर्च वाटून घेणाऱ्या मंडळ्या आहेतच, दर महिन्याला सगळे पैसे भरतात आणि ज्याला बिल आलं त्याचं भागवतात.

वैजू_रॉली
पम्या, शिकागोचं उदाहरण मलाही आवडतं, पण जरा नीट बघ. 53 लाखाचं कर्ज 38 हजारात का मिळालं? कारण ते वसूल होणारच नाही हे विकणाऱ्याला माहीत होतं! म्हणजे ज्या माणसाला वर्षभर फोन करून छळलं त्याचं कर्ज बाजारात डॉलरला एक सेंटसुद्धा किमतीचं नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस परत दवाखान्यात गेला की नवीन बिल. फरशीवरचं पाणी पुसायलाच पाहिजे पण नळ कोणी बंद करायचा?

खर्च वाटून घेणाऱ्या मंडळ्यांचं म्हणशील तर तो विमा नाही, बिल भरलं जाईलच अशी कायदेशीर हमी नसते आणि जुना आजार असेल तर बऱ्याच ठिकाणी हात वर करतात. त्यातली एक 2021 ला दिवाळखोरीत गेली, सभासदांची बिलं तशीच राहिली. माझ्या ओळखीच्या बाईंना जुना डायबेटीस, त्यांना कोण घेणार तिथे?

परभणीचा_डॉक्टर
मला दोन्ही बाजूंना थोडं थोडं म्हणायचंय. रूथताईंनी मिरज काढलं म्हणून जामखेडची आठवण झाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती, 1970 ला जामखेडला आले. तेव्हा लक्षात आलं की दवाखान्यात बरा करून पाठवलेला पेशंट त्याच घाण पाण्यावर आणि त्याच अर्धपोटी ताटावर परत जातो आणि पुन्हा आजारी पडून येतो. मग गावातल्याच बायका, बऱ्याचशा दलित, निरक्षर, त्यांना शिकवून आरोग्यसेविका केलं. आज गावोगावी आशाताई दिसतात त्या कल्पनेच्या मुळाशी जे अनुभव आहेत त्यात जामखेड फार मोठं आहे. तेव्हा सेवा करायची की व्यवस्था बदलायची असं भांडण मला खोटं वाटतं. चांगली सेवा करणारा माणूस शेवटी व्यवस्थेपाशी येऊन पोचतोच.

केदार_दापोली
डॉक्टर, तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. आरोळ्यांनी गावात काम करून दाखवलं, मग सरकारने उचललं. ते मंत्रालयात जाऊन स्तोत्रं म्हणत बसले नाहीत. हाच माझ्या दृष्टीने योग्य क्रम आहे.

आणि वैजू, तुझ्या राज्याचा इतिहास मी काल वाचत बसलो. मेडिकेड वाढलं कधी? 2023 ला. म्हणजे मॉरल मंडेनंतर दहा वर्षांनी, आणि तेही रिपब्लिकन, म्हणजे ओबामाच्या विरोधी पक्षाचं, बहुमत असलेल्या विधानसभेतून. राज्याच्या सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, जे नेते फिल बर्जर इतकी वर्षं आडवे होते तेच 2022 ला फिरले. का फिरले? 90 टक्के पैसे केंद्र देणार, राज्याचा उरलेला वाटा हॉस्पिटलं भरणार आणि 2021 च्या कायद्याने उशिरा येणाऱ्या राज्यांना दोन वर्षं जादा पैसे. हिशोब जुळला म्हणून झालं, प्रार्थनेने नाही.

वैजू_रॉली
हिशोबाने झालं हे मी नाकारत नाही, सही झाली त्या दिवशी पेपरात सगळं छापून आलं होतं. पण 90 टक्के केंद्र देणार हे 2013 ला पण होतंच की, उलट पहिली तीन वर्षं तर शंभर टक्के देत होते! तेव्हा का नाही जुळला हिशोब? दहा वर्षं हा विषय मरू दिला नाही तो कोणी? 2014 ला किनाऱ्याकडच्या बेलहेवन गावचं हॉस्पिटल बंद पडलं, तिथला महापौर रिपब्लिकन, तो चालत वॉशिंग्टनला गेला, 273 मैल, आणि त्याच्या बाजूने उभे राहिले बार्बर. रिपब्लिकन गोरा महापौर आणि काळा पाळक एका रस्त्यावर. ते बघून माझ्या शेजारचे, जे आयुष्यभर मेडिकेडच्या विरोधात मत देत आले, ते पहिल्यांदा म्हणाले की अरे हे तर आपल्या पण गावाचं आहे.

पम्या_डॅलस
आणि आता? तुमच्याच राज्याच्या कायद्यात लिहिलंय की केंद्राचा वाटा 90 टक्क्यांच्या खाली आला तर योजना बंद. सरकारवर टेकलं की हे असं होतं. चर्च निदान कुठे जात नाही.

नगरची_रूथ
चर्च कुठे जात नाही म्हणूनच तर परत दारात उभं राहिलं ना भाऊ. 2025 च्या एप्रिलमध्ये बार्बर वॉशिंग्टनला कॅपिटलच्या, म्हणजे संसदेच्या घुमटाखाली बजेटमधल्या मेडिकेड वगैरेच्या कपातीविरुद्ध प्रार्थना करत होते, तिथेही अटक झाली.

केदार_दापोली
आणि जुलैत तो कपातीचा कायदा झालाच. माझं मत बदललेलं नाही रूथताई. पण बार्बरांनी दुसऱ्याचं नाही, स्वतःचं अंग पणाला लावलं, हे मानतो.

वैजू_रॉली
हो, झाला. 2027 पासून या बाईंसारख्यांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवावं लागणार आणि दर सहा महिन्यांनी पात्रता परत तपासणार. बाई तर रात्रीच्या दोन ठिकाणी राबतात, तास भरतातच, पण एक मालक रोख देतो, पावती देत नाही. डिसेंबर 2023 ला त्यांना कार्ड मिळालं तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला होता, नुसता कार्डाचा, खाली काही लिहिलं नव्हतं. आता त्यांच्या चर्चमध्ये गुरुवारी संध्याकाळी कागद जमवून देतात, मी या गुरुवारी जाणार आहे. पम्या, टेक्सासने तर अजून मेडिकेड वाढवलंच नाहीये, तुमच्याकडे अशी बाई इन्सुलिन कुठून आणते ते एकदा तुमच्या ऑफिसातल्या रात्रपाळीला विचारून ये आणि मग इथे लिही.