शब्दचर्चा : मायडुंग, परत घेणं आणि आमिश पुनर्विवाह

मेधा : उत्तर अमेरिकेतल्या आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती समाजावरच्या कथांचा अनुवाद करताना तीन जागी अडतं. 'मायडुंग'ला, म्हणजे चुकलेल्या सभासदाशी अंतर पाळण्याच्या शिक्षेला, 'वाळीत टाकणे' चालेल का? शिक्षा संपल्यावर परत घेतात, त्याला काय म्हणावं? आणि विधवा पुन्हा लग्न करते तिथे 'पाट' की 'पुनर्विवाह'?

शरद : मेधाताई, 'वाळीत टाकणे' जवळचा असला तरी त्यामागोमाग जातपंचायत आणि महाराष्ट्राचा 2016चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा येतो. जातीत माणूस जन्माने असतो. आमिश मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, तो मोठेपणी, स्वतःहून बाप्तिस्मा घेऊन येतो, आणि तेव्हा दिलेलं वचन मोडलं तरच त्याच्यावर मायडुंग येतं. बाप्तिस्म्याआधीच समाज सोडून गेलेल्या मुलाला ते लागू होत नाही. अनुवादात हा फरक निसटला तर कथेतली आई एका मुलाला जेवायला शेजारी बसवते आणि दुसऱ्याला का नाही, ते वाचकाला कळणारच नाही.

'बान' म्हणजे मंडळीतून काढणं. मायडुंग म्हणजे त्यानंतर पाळायचं अंतर. ज्याच्यावरून आमिश हे नाव पडलं तो याकोब आमान 1693मध्ये आपल्या जुन्या पंथापासून वेगळा झाला तो मुख्यतः याच अंतराच्या आग्रहावरून. कडक मंडळीत अशा माणसाला वेगळं टेबल मांडतात, किंवा दोन टेबलं जवळ आणून मध्ये फट ठेवतात. त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत. त्याने खाली ठेवली की उचलतात. नवरा-बायकोचंही टेबल आणि अंथरूण वेगळं होतं. मात्र तो आजारी किंवा उपाशी असेल तर मदत करायचीच, असं आमिश मानतात त्या 1632च्या डॉर्ड्रेख्ट कबुलीनाम्याचं, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्याचं, 17वं कलम सांगतं. सगळा भर जेवणावर असल्याने मी 'पंक्तीबाहेर ठेवणे' सुचवेन.

रेणुका : 'पंक्तीबाहेर' पटलं. मग परत घेण्याला 'पंक्तीत घेणे'. 'गोतात घेणे' नको, त्यात पंचांचा दंड आणि गोताला जेवण येतं. इथे दोन्ही नाही. गंभीर चुकीला बहुधा सहा आठवडे बाहेर ठेवतात. मग उपासनेनंतर सभासदांसमोर गुडघ्यांवर कबुली. बिशप हात धरून उठवतो आणि शांतीचं चुंबन देतो. बाई असेल तर चुंबन बिशपची बायको देते. त्यानंतर तो विषय उकरून काढणं हाच दोष ठरतो.

पण विषय मिटला म्हणजे विश्वास परत आला असं नाही. म्हणून 'क्षमा' आणि 'विश्वास' एकमेकांच्या जागी वापरू नका, ही कळकळीची विनंती. 2 ऑक्टोबर 2006ला पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सच्या आमिश शाळेत 10 मुलींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा 5 दगावल्या. त्याच दिवशी आमिश माणसं मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेली. ती क्षमा होती, मन सावरायला मात्र वर्षं लागतात. उलट घरातल्या अत्याचारात 'क्षमा झाली, विषय संपला' म्हणून पीडितेलाच गप्प बसवल्याची प्रकरणं आहेत. तिथे 'तिने माफ केलं' एवढंच लिहा. 'तिचा विश्वास बसला' हे तिच्या वागण्यातून दिसलं तरच लिहावं.

मेधा : आणि लग्न?

शरद : 'पाट' नको. पाट लावणं लग्नापेक्षा कमी प्रतीचं मानत. आमिश विधवेचं लग्न पहिल्याइतकंच पूर्ण धार्मिक असतं, थाट तेवढा कमी. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर या आमिश वस्तीच्या भागात नेहमीची लग्नं सुगीनंतर, बहुतेक नोव्हेंबरात, मंगळवारी किंवा गुरुवारी होत आली. विधुर-विधवांची एरवीही होतात. तेव्हा 'पुनर्विवाह'. विधुर नवऱ्याला आपला 'बिजवर' तंतोतंत बसतो.

घटस्फोट मान्य नाही. सोडून गेलेला नवरा हयात असेपर्यंत बाईला दुसरं लग्न करता येत नाही. म्हणून मूळ मजकुरात ती 'एकटी' असेल तर आधी पाहा, विधवा की टाकलेली. टाकलेली असेल तर नव्या माणसाशी लग्नाच्या विचाराने जवळीक वाढवणं तिला पंक्तीबाहेर नेऊ शकतं, आणि प्रत्येक संवादाचा सूर त्यावर ठरतो.