उबुदचं माकडांचं रान, तिथली देवळं: तुमचे अनुभव लिहा

नांदुर्की

बालीहून परतलेल्या कुणालाही उबुदच्या मंकी फॉरेस्टबद्दल विचारलं, की बहुतेक वेळा गॉगल नाहीतर टोपी पळवल्याची गोष्ट ऐकू येते. त्या रानात तीन देवळं आहेत, लागून गावाचं स्मशान आहे आणि हे सगळं पाडांगतेगल या गावाचं आहे, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तिथे जाऊन आला असाल, किंवा बालीतल्या अशाच दुसऱ्या एखाद्या देवाच्या रानात गेला असाल, तर सविस्तर लिहा. फोटो काय, कुठेही मिळतात.

सुरुवात मी करते. रान जेमतेम साडेबारा हेक्टरचं, म्हणजे सुमारे तीस एकर. बाहेर स्कूटरींचा गोंगाट, आत शिरलं की हवा लगेच गार लागते. मला सगळ्यात आवडला तो ओढ्याकडे उतरणारा भाग. वडाच्या पारंब्या वरून सरळ खाली लोंबतात, त्यांच्यामधून पूल जातो आणि पुलाचे कठडे म्हणजे शेवाळलेले दगडी नाग. खाली पुरा बेजी ('पुरा' म्हणजे देऊळ). हे झऱ्याचं देऊळ. इथे गंगेची पूजा होते आणि कुठल्याही मोठ्या विधीआधी शुद्धीसाठी इथलं पाणी लागतं. गंगेपासून इतक्या लांब, समुद्रापलीकडे, गंगेच्या नावाने वाहणाऱ्या झऱ्याजवळ उभं राहताना माझा हात आपसूक कपाळाकडे गेला.

झाडांची गोष्टही सांगायलाच हवी. इथे 'पुले' नावाचं एक झाड फार पवित्र मानतात. ते म्हणजे आपली सातवीण. कोकणात सातविणीखाली रात्री थांबू नये म्हणतात, तीच. बालीत देवादैत्यांचे मुखवटे तिच्या लाकडाचे करतात. त्यासाठी मुहूर्त पाहून, पूजा करून झाडाचा तेवढाच तुकडा काढतात, झाड उभंच राहतं. वडाची पानं अंत्यविधीला लागतात, माजेगाउ नावाच्या झाडाचं लाकूड देव्हाऱ्यांना. रान राखलं गेलं ते या गरजांमुळे, असं मला वाटतं. आपल्या देवराया जिथे टिकल्या, तिथेही देवाचं काम आणि रान एकमेकांत अडकलेलं दिसतं.

ओसरी

मी आईला घेऊन गेले होते. तिला माकडांमध्ये काही रस नव्हता, तिला देऊळ बघायचं होतं. पुरा दालेम आगुंग हे तिथलं मोठं देऊळ. दाराशीच 'रांगडा' नावाच्या राक्षसिणीच्या मूर्ती आहेत: लोंबती जीभ, सुळे आणि हातातोंडात लहान मुलं. आई दचकलीच. "देवळाच्या दारात हे कशाला?" आमच्या वाटाड्याने समजावलं, की दालेम हे मरणाशी जोडलेलं देऊळ. बालीत प्रत्येक गावाची मुख्य देवळं तीन: एक ब्रह्मदेवाचं, एक विष्णूचं आणि तिसरं, स्मशानाच्या बाजूचं, शिवाचं आणि दुर्गेचं. संहार करणाराच नवं रूप देतो, म्हणून तिथे भीतीलाही जागा आहे. आईने मान डोलावली. पुढे तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही, सगळं निरखून बघत राहिली.

आतल्या आवारात फक्त पूजेला आलेल्यांना सोडतात. मला हे फार योग्य वाटलं. एक जोडपं पहारेकऱ्याशी वाद घालत होतं, तिकीट काढलंय म्हणून. तिकीट रानाचं असतं. आईने बाहेरूनच हात जोडले आणि पदर डोक्यावर घेतला. ते पाहून आतून येणारी एक बाई थांबली. तिने ताटातलं चाफ्याचं एक फूल आईच्या हातावर ठेवलं.

दर्यावर्दी

नोकरीमुळे मी बालीच्या राजधानीत, देनपासारला राहतो, त्यामुळे पर्यटक नसतात तेव्हाही उबुदला जाणं होतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली तुंपेक कांडांग. बालीच्या २१० दिवसांच्या पंचांगात एक शनिवार जनावरांचा असतो. घरोघरी गाईगुरं, डुकरं, कोंबड्या यांना ओवाळतात आणि मंकी फॉरेस्टमध्ये माकडांसाठी नैवेद्य मांडतात. पांढऱ्या कपड्यातले पुजारी मंत्र म्हणत तीर्थ शिंपडतात, आणि मंत्र संपायच्या आतच माकडं फळांच्या उतरंडीवर तुटून पडतात. कुणी हुसकावत नाही. नैवेद्य त्यांचाच आहे. झाडांसाठीही असाच एक वेगळा तुंपेक असतो. माणसाचं देवाशी, माणसाशी आणि निसर्गाशी नीट जमलेलं असावं, याला इथे 'त्रि हित करण' म्हणतात. शब्द आपल्याला ओळखीचे आहेत, पण इथे ते पंचांगात तारीख लावून पाळले जातात.

दुसरी गोष्ट स्मशानाची. पुरा प्रजापती या स्मशानाकडच्या देवळाच्या शेजारी मातीचे साधे उंचवटे दिसतील. बालीत दहन होतं, पण त्याचा खर्च मोठा असतो. म्हणून मृतांना आधी तात्पुरतं पुरतात आणि दर पाच वर्षांनी गाव मिळून सगळ्यांचं एकत्र दहन करतं. पर्यटक त्या उंचवट्यांवर बसून माकडांना खांद्यावर घेतात, हे बघून मला दर वेळी त्रास होतो. तिथे कुणाचे तरी आईवडील वाट बघत आहेत. कृपा करून तिथे बसू नका.

शेपटी

माकडांबद्दल मी लिहिते, वर्तनशास्त्र शिकत असताना याच प्रजातीवर वाचन केलं होतं. ही लांब शेपटीची मकाक, आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांची चुलत भावंडं. आता तिथे हजाराच्या वर आहेत, टोळ्याटोळ्यांनी राहतात आणि हद्दींवरून खरोखर मारामाऱ्या होतात. माद्या जन्मलेल्या टोळीतच राहतात, नर वयात आले की बाहेर पडतात. त्यामुळे टोळीतलं पोरीचं स्थान आईवरून ठरतं. एखादी छोटी मादी मोठ्या नराला बिनधास्त हुसकावताना दिसली तर तिची आई जवळपास शोधा, बहुधा सापडेल.

दगडांशी खेळणारी माकडं नक्की बघा. गोटे गोळा करतात, घासतात, आपटतात, कुशीत घेऊन बसतात. खायला काही मिळत नाही तरी करतात. यावर तिथल्या उदयाना विद्यापीठाने आणि कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाने बरंच काम केलं आहे. वस्तू पळवून खाऊच्या बदल्यात परत देण्याचा प्रकार मात्र बालीतल्याच उलुवातूच्या देवळातला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिथली मोठी माकडं माणसाला ज्याची किंमत जास्त तेच उचलतात: फोन, चष्मा. आणि मनासारखा खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. लहान माकडांना हे शिकायला काही वर्षं लागतात.

आणखी एक. ही प्रजाती इतकी सगळीकडे दिसते, पण २०२२ पासून ती आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत 'धोक्यात' गटात आहे.

कंदील

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहायला हवा. माझ्या बहिणीला पोटरीला चावा बसला. ती नुसती बाकावर बसली होती, हातात काही नव्हतं. शेजारच्या मुलाने पाकीट फोडलं, दोन माकडं भांडली आणि मधे ही सापडली. तिथल्या प्रथमोपचार केंद्रात जखम लगेच साबणाने धुतली. नंतर बाहेर एका दवाखान्यात मात्र "काही गरज नाही" म्हणून परत पाठवत होते. आम्ही अडून बसलो. बालीत २००८ पासून रेबीज आहे, मुख्यतः कुत्र्यांत, पण माकडाच्या चाव्यालाही लस घ्यायचीच. मकाकमध्ये हर्पीस बी विषाणूही असतो, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, लस त्याच दिवशी सुरू करा, उरलेले डोस परत आल्यावर इथे पूर्ण करा. प्रवास विम्यात हे बसतं का, ते निघण्याआधी पाहून ठेवा. बहीण ठणठणीत आहे आणि परत जायला तयारही आहे.

पानमळा

सगळे उबुदबद्दल लिहीत आहेत, तर मी सांगेहची बाजू घेतो. उबुदच्या वायव्येला असलेलं हे रान मला जास्त भावलं. तिथे 'पाला' म्हणजे जायफळ म्हणतात ती सरळसोट उंच झाडं, मधे शेवाळलेलं पुरा बुकित सारी, आणि गर्दी फारच कमी. तिथली कथा अशी, की रावणाला चिरडायला हनुमानाने पर्वत उचलला, त्याचा एक तुकडा इथे पडला आणि त्याच्यासोबत वानरसेनेतली काही माकडं. तीच ही. लक्ष्मणासाठी आणलेला द्रोणागिरी आपण लहानपणापासून ऐकतो, तोच पर्वत इथे रावणाच्या अंगावर टाकायला निघाला आहे. दोन्ही खरे मानायला माझी काही हरकत नाही.

ओसरी

कंदील, बहीण बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: मुख्य वाटा चांगल्या आहेत, बेजीकडे उतरताना पायऱ्या निसरड्या असतात, आई रबरी तळव्याच्या चपला घालून उतरली. सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. तेव्हा कर्मचारी रताळी टाकत असतात, माकडांचं लक्ष तिकडे असतं आणि देवळांपाशी निवांत उभं राहता येतं. पिशवी नको, डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या मौनाच्या दिवशी अख्खी बाली बंद असते, तेव्हा रानही.

दर्यावर्दी

वाऱ्यापावसाचंही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये वादळी वाऱ्यात या रानात मोठं झाड कोसळून दोन पर्यटक बायका गेल्या. वारा सुटला आणि कर्मचारी बाहेर चला म्हणाले, तर लगेच निघायचं. आणि पानमळा, सांगेह आवडलं असेल तर ताबानानमधलं आलास केदातोनही बघा. तिथे माकडांबरोबर मोठी वटवाघळंही असतात. तिथलं कुणी लिहिणार असेल तर मला वाचायचं आहे.