मदत हवी आहे: एकाच नावाचे बुद्धिबळपटू आणि पियानोवादक, फलकांवरचा घोळ कसा सोडवायचा?

पार्कचौक: २० जुलैच्या जागतिक बुद्धिबळ दिनाला सोलापुरात मुलांच्या शिबिरात आठ फलक लावायचे आहेत. डावीकडे बुद्धिबळपटू, उजवीकडे त्याच नावाचा पियानोवादक. मजकूर जमवलाय, पण 'ए. रुबिनस्टाईन' या नावाखाली कुणाची माहिती कुठे गेली तेच कळेना. जन्म १८२९ आणि मृत्यू १९८२ असं छापायचं राहिलं थोडक्यात. शिवाय तैमानोव यांचे फलक दोन करायचे की एक? शुक्रवारी नवी पेठेत फ्लेक्सला द्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.

काळा_उंट: तुमच्या फलकावर तीन माणसं एकत्र आलीत. इंग्रजी आद्याक्षर तिघांचंही एकच, म्हणून हे होतं. पूर्ण नाव लिहा.

अकिबा रुबिनस्टाईन हा बुद्धिबळपटू. पोलंडमधल्या स्टाविस्कीचा, मृत्यू १९६१, अँटवर्प. १९०९ ला सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता लास्कर याच्याबरोबर संयुक्त पहिला आला. जन्मसाल कुठे १८८० तर कुठे १८८२ दिसेल, तेव्हा फलकावर मृत्यूचं सालच ठेवा.
आर्थर रुबिनस्टाईन पियानोवादक, १८८७ ते १९८२, शोपँ या संगीतकाराच्या रचना वाजवण्यासाठी प्रसिद्ध.
अँटन रुबिनस्टाईनही पियानोवादकच, १८२९ ते १८९४. १८६२ ला सेंट पीटर्सबर्गची संगीतशाळा काढणारे हे. मॉस्कोची संगीतशाळा (१८६६) त्यांच्या धाकट्या भावाची, निकोलायची. ही दोन्ही नावंसुद्धा सर्रास अदलाबदल होतात.

आणखी एक गाठ आहे. आर्थरचा जन्म लोड्झचा आणि अकिबाचा सर्वांत गाजलेला डावही लोड्झचाच, रोटलेवीविरुद्ध, १९०७. (पोलिश उच्चार 'वूच', दोन्ही रूपं दिसली तर शहरं दोन समजू नका.) गाव आणि आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका.

तो डाव मात्र फलकावर घ्याच. काळ्याचा वजीर एच४ या घरावर प्याद्याच्या तोंडी उभा आहे, आणि २२ व्या खेळीत अकिबा वजीर न हलवता हत्तीने सी३ वरचा घोडा मारतो. पांढरा तो वजीर खातो, तर दुसरा हत्ती डी२ वर येऊन बसतो. २५ व्या खेळीला पांढऱ्याने डाव सोडला. मुलांना पटावर मांडून दाखवा, नुसतं छापून उपयोग नाही.

पार्कचौक: खूप आभार. मग 'रुबिनस्टाईन प्रकार' असं जिथे लिहिलंय तिथे कोण?

काळा_उंट: नेहमी अकिबा. निम्झो-इंडियन या डावाच्या सुरुवातीत पांढऱ्याची चौथी खेळी ई३, किंवा फ्रेंच बचावात काळ्याने तिसऱ्या खेळीला ई४ वर प्यादं मारणं. आणि ओपस क्रमांक (संगीतरचनेला दिलेला क्रमांक) दिसला की विषय संगीताचा. मजकूर वेगळा काढायला ही खूण पुरते.

सा_रे_हत्ती: तैमानोव यांचा फलक एकच! मार्क तैमानोव (१९२६ ते २०१६) ग्रँडमास्टरही होते आणि मैफिली करणारे पियानोवादकही. पत्नी ल्युबोव्ह ब्रुक यांच्यासोबत दोन पियानोंवर वाजवायचे. सिसिलियन बचावातला तैमानोव प्रकार त्यांचाच, आणि १९७१ ला व्हँकुव्हरला फिशरकडून ६-० हरले तेही हेच. 'नाव एक, माणूस एक' असा वेगळ्या रंगाचा फलक करा. माझ्या मते तो सर्वांत मोलाचा.

होरोविट्झला जपून. व्लादिमीर (१९०३ ते १९८९) पियानोचे. इस्रायल अल्बर्ट (१९०७ ते १९७३) अमेरिकेतले बुद्धिबळ संपादक. पण शेजारच्या तिरप्या रांगांवरून एकाच दिशेने मारा करणाऱ्या दोन उंटांना ज्याचं नाव आहे तो बर्नहार्ड हॉर्विट्झ, १८०७ ते १८८५. इंग्रजीत त्याच्या नावात एक 'ओ' कमी आहे. देवनागरीत दोघांना 'होरोविट्झ' केलं की चूक पक्की.

तंतोतंत जुळणारी जोडी हवी तर इव्हान सोकोलोव्ह. ग्रँडमास्टर १९६८ चा, जन्म बोस्नियातला, पुढे नेदरलँड्सकडून खेळला. पियानोवादक आणि संगीतकार १९६० चा, मॉस्कोचा. फोटो बदलण्याचा धोका इथेच जास्त, कारण दोघंही आपल्याच काळातले. ज्या पानावर जन्मसाल लिहिलंय तिथलाच फोटो घ्या. अँड्राश अडोर्यान हीही जुळणारी नावं, पण दुसरा बासरीवादक आहे, पियानोच्या फलकावर नको.

एच८_चा_राजा: रेटी बंधू राहिले. रिचर्ड (१८८९ ते १९२९) बुद्धिबळात, थोरला रुडॉल्फ (१८८५ ते १९५७) पियानोवादक-संगीतकार. इथे मात्र नातं खरं आहे. रिचर्डची १९२१ ची बुद्धिबळातली कोडं-रचना चार सोंगट्यांत मावते: पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी, बरोबरी. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरपा उतरतो, म्हणजे काळ्या प्याद्याचा पाठलाग आणि स्वतःच्या प्याद्याला मदत एकाच चालीत होते. काळ्याने सी६ मारलं तर राजा एफ४ वर जाऊन प्यादं गाठतो.

छपाईचं: ८ इंच रुंद फोटोला किमान १२०० पिक्सेल रुंदी ठेवा, जुने फोटो ताणले की चेहरा ओळखू येत नाही.

पार्कचौक: तैमानोव आणि रेटी दोन्ही घेतले. रुबिनस्टाईनचा फलक तीन खणांचा करतोय, आद्याक्षरं काढून टाकली.