अनुभव धागा : 'ट्रिनिटी' आणि आपला टेरेन्स हिल

टेरेन्स हिल ज्यात ट्रिनिटी झालाय तो विनोदी वेस्टर्न सिनेमा 'दे कॉल मी ट्रिनिटी' (१९७०) ज्यांनी पाहिलाय आणि ज्यांच्या मनातून तो अजून उतरलेला नाही, त्यांच्यासाठी हा धागा. कुठे पाहिलात, कुणाबरोबर, काय आवडलं, मनमोकळं लिहा. सुरुवात मी करते.

मला पहिला प्रसंगच पुरतो. दोन दांड्यांना बांधलेली झोळी घोडा फरफटत नेतोय आणि आत धुळीने माखलेला नायक गाढ झोपलाय! मग खानावळीत येऊन बसतो, आख्खा तवा भरून बीन्स पुढ्यात ओढतो आणि कुणाकडेही न बघता खात सुटतो. शेवटी पावाने तवा लख्ख पुसून घेतो. बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या त्या दोघांकडून जखमी मेक्सिकन कैद्याला सोडवून निघाल्यावर पाठीमागून बंदूक रोखली जाते, तर हा मागे वळूनही न बघता गोळी झाडतो. इतका तरबेज माणूस आणि त्याला हवंय काय, तर जेवण आणि झोप. हिलच्या त्या निळ्या डोळ्यांत कुणाबद्दल आकस म्हणून दिसत नाही. मी त्याच्या प्रेमात पडले ती तिथेच.

*

मस्त धागा, ताई. आम्ही दुसरा भाग आधी पाहिला, १९७१ चा. व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि आजोबांसकट सगळ्यांनी बसायचं. पत्त्यांच्या डावानंतरचा तो प्रसंग आठवा. समोरचा पिस्तुलाला हात घालायच्या आत ट्रिनिटीची चापट गालावर बसलेली असते आणि पिस्तूल त्याच्यावर रोखलेलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. आजोबा डोळे पुसत 'परत लाव, परत लाव' म्हणायचे. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, काही अडलं नाही.

*

बड स्पेन्सरबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? त्याने रंगवलेला बॅम्बिनो, म्हणजे ट्रिनिटीचा भाऊ, नसेल तर ट्रिनिटी अर्धाच. चोर असून शेरीफ बनून बसलेला तो धिप्पाड भाऊ, ट्रिनिटीला बघताच त्याच्या कपाळावर चढणारी आठी, आणि डोक्यावर वरून आपटलेली ती मूठ! स्पेन्सरचं मूळ नाव कार्लो पेदेर्सोली. मी पोहणारा, म्हणून मला त्याचं फार अप्रूप : १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला इटालियन, १९५० साली. दोन ऑलिंपिक खेळला. २०१६ मध्ये गेला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

*

मी जर्मनीत ड्रेस्डेनला असते. हिल अर्धा इकडचा. वडील इटालियन, आई जर्मन, जन्म व्हेनिसचा, पण युद्धाच्या काळातलं बालपण इथून जवळच लोमाट्शला गेलं. खरं नाव मारिओ जिरोत्ती. माझ्या शेजारच्या आजींशी हवापाण्यापलीकडे बोलणं होत नसे. एकदा हिलचं नाव काढलं आणि त्यांनी आत बोलावून कॉफी दिली.

*

+१ सगळ्यांना. फ्रँको मिकालिझ्झीचं शीर्षकगीत आणि त्यातली शीळ राहिली की! टॅरंटिनोने २०१२ च्या 'जँगो अनचेन्ड'च्या शेवटी तेच वापरलंय.

*

मुलांना दाखवायचा असेल तर बिनधास्त दाखवा. गोळ्या थोड्या, ठोसे भरपूर. सिनेमातले मारामारी निषिद्ध मानणारे ते मॉर्मन (एक धार्मिक पंथ) लोक बायबलात 'लढण्याचीही वेळ असते' हे वचन सापडल्यावर बाह्या सरसावून उतरतात, तिथे माझी मुलगी सोफ्यावर उभी राहिली होती. पुढच्या रविवारी 'माय नेम इज नोबडी' (१९७३) लावतोय. त्यात हिलसमोर हेन्री फोंडा आहे. कुणी पाहिलाय का? आठ वर्षांच्या मुलीला समजेल?