मोमोच्या पुढचं नेपाळ
नेपाळला गेल्यावर काय खावं, या प्रश्नावर बहुतेकांनी मोमो आणि थुक्पा (नूडल्सचं सूप) सुचवलेत. ते खाच, पण त्या दोन्हींचं मूळ तिबेटकडचं. काठमांडूच्या खोऱ्यात जाताय तर तिथल्या मूळच्या नेवार लोकांचं जेवण चुकवू नका.

खोऱ्यातल्या पाटण किंवा भक्तपूर शहराच्या गल्लीत सकाळी 'बारा' नावाचा पदार्थ मिळतो. वाटलेल्या उडदाचं जाडसर धिरडं, कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत. वर अंडं किंवा खिमा घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधीच 'सादा' सांगावं. 'बफ' म्हणजे म्हशीचं मांस, हेही लक्षात असू द्या. समयबजी या नेवारी थाळीत चिउरा म्हणजे आपले पोहेच, पण न भिजवता, कोरडे. सोबत भाजलेलं सोयाबीन, आलं, बटाट्याचं लोणचं. पहिला घास घशात अडकतो, लोणचं मिसळलं की मजा येते.

भक्तपूरला जुजू धौ खाल्ल्याशिवाय परतू नका. नेवारीत जुजू म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध आटवून मातीच्या भांड्यात लावतात. माती जास्तीचं पाणी शोषते, त्यामुळे चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. चव आपल्या खरवसाच्या जवळपास, पण किंचित आंबूस.

ट्रेकला जाणाऱ्यांनी थकाली समाजाच्या पद्धतीच्या थाळीत भाताऐवजी ढिंडो मागावा. कोदो (नाचणी) किंवा फापराच्या (कुट्टूच्या) पिठाची ही घट्ट उकड गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, आंबट रश्शात बुडवून न चावता गिळायची. थंडीत याच्याइतकं पोटाला बरं वाटणारं दुसरं काही मी तिथे खाल्लं नाही.