जुनी मोटारसायकल घेतली, पण विक्रेत्याकडून कागद मिळेनात : तुमचे अनुभव लिहा

पिंपळपान

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी घेतली. पैसे देऊन झाले, सही तेवढी राहिली आहे. दोन दिवसांत कागद देतो म्हणालाय." हे ऐकले आणि मी कपाटातली जुनी फाइल काढली. तिच्यात पातळ कागदाची एक पट्टी आहे, आणि तिच्यावर पेन्सिल घासून उमटवलेला एका मोटारसायकलचा चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक, आहे. गाडी केव्हाच गेली, पट्टी मी ठेवली आहे.

२००९ साली मी ती गाडी घेतली, तेव्हा विकणाऱ्याने मला आरसी बुक दिले आणि त्यासोबत सह्या केलेले टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म, दिले. आरसीवर त्याचे नाव नव्हते, त्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांचे होते. "त्यांनी सह्या करून ठेवल्या आहेत, तारीख तेवढी तुम्ही टाका," असे तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. आरटीओत फॉर्म भरून घ्यायला गेलो, तेव्हा तिथल्या एका माहितगाराने पत्ता पाहून सांगितले की हे गृहस्थ दीड वर्षापूर्वी वारले. पुढे त्यानेच हळू आवाजात सुचवले की त्यांच्या हयातीतली तारीख टाका, कोण विचारतो? त्या क्षणी माझ्या हातात एका मृत माणसाची सही होती आणि तिच्यापुढची तारखेची जागा कोरी होती. ती जागा मी भरली नाही.

मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी उघडले. मी कशासाठी आलो आहे हे कळल्यावर त्यांनी खणातून दोन नोटिसा काढून पुढे ठेवल्या. गाडी विकून चार वर्षे झाली होती, तरी सिग्नल तोडल्याच्या त्या नोटिसा त्यांच्या यजमानांच्या नावाने येत राहिल्या होत्या, आणि नवरा गेल्यानंतर आलेली दुसरी नोटीस वाचून त्या दोन दिवस झोपल्या नव्हत्या. कायद्याच्या दृष्टीने गाडी अजून त्यांच्या यजमानांचीच होती. त्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची नाहरकत जोडून ती काकूंच्या नावावर करायची आणि मग त्यांनी ती मला विकल्याची नोंद करायची, असा दुहेरी प्रवास होता. त्यांचा एक मुलगा दूर होता. त्याचे प्रतिज्ञापत्र यायलाच अडीच महिने गेले.

काकू माझ्यासाठी दोनदा आरटीओत आल्या. त्यांना या व्यवहारातून एक पैसा मिळणार नव्हता. गाडीच्या मानेवर, म्हणजे हँडलखालच्या भागावर, गंज चढला होता, आणि चासी नंबर उमटवताना कागद सारखा सरकत होता, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ठेवला आणि मी पेन्सिल घासली. पहिली पट्टी फाटली, ती माझ्याकडे राहिली. नवे आरसी हातात आल्यावर त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली आणि यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत ठेवून दिली.

तुमच्यापैकी ज्यांनी विक्रेत्याच्या मागे असे कागदांसाठी फेरे घातले असतील, त्यांनी सविस्तर लिहावे. भाच्याला वाचायला देणार आहे.

झाकोळ

वाचून थांबले थोडा वेळ. ती कोरी तारीख भरली नाहीत, हे फार मोलाचे आहे. मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली आहे, माझा अनुभव रात्री लिहीन.

खडीसाखर

आमच्या बाबतीत विक्रेता सज्जन होता आणि तरीही आठ महिने गेले. त्याने कर्ज काढून गाडी घेतली होती आणि सगळे हप्ते सहा वर्षांपूर्वी फेडले होते. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला असे त्याने धरले आणि आम्हीही धरले. प्रत्यक्षात आरसीवर कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव तसेच होते. ते काढण्यासाठी कंपनीची सही आणि शिक्का असलेला फॉर्म ३५, दोन प्रतींत, आणि कर्ज शिल्लक नसल्याचे पत्र लागते, हे आम्हाला आरटीओच्या खिडकीवर कळले. तोवर ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि ज्या शाखेतून कर्ज घेतले ती बंद पडली होती. मुख्य कार्यालयातले लोक आमच्याशी बोलायलाच तयार नव्हते, कारण कर्जदार आम्ही नव्हतो. त्यांचेही चूक म्हणता येत नाही.

विक्रेता रात्रपाळीला होता. पूर्ण पैसे मिळालेल्या माणसाने दिवसाची झोप मोडून आमच्यासाठी पत्रे का लिहावीत, असा विचार मी स्वतःच करत असे आणि प्रत्येक वेळी फोन लावताना संकोच वाटे. त्याने तीन पत्रे लिहिली, दोनदा स्वतः गेला. म्हणून आता मी प्रत्येकाला सांगते की गाडीचा रंग आणि टायर नंतर बघा, आधी आरसीवर बोज्याची नोंद आहे का ते बघा.

रानवाट

खडीसाखर ताई, नेमके तेच माझे चालू आहे. फरक एवढाच की माझा विक्रेता आरसी हरवले असे म्हणतो आणि डुप्लिकेट तुम्हीच काढून घ्या असे सांगतो. मला ते काढता येईल का? उत्तराची वाट पाहतो.

उंबरठा

रानवाट दादा, तुम्हाला काढता येणार नाही. डुप्लिकेट आरसीसाठीचा फॉर्म २६ नोंदणीकृत मालकालाच भरावा लागतो आणि हरवल्याची पोलिसांतली तक्रारही त्यालाच करावी लागते. त्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहा. आरसी खरोखर हरवले आहे, की कुणाकडे गहाण किंवा जप्त होऊन पडले आहे, हे जाणून घेणे महत्त्वाचे आहे. तो तक्रार द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तीच धोक्याची खूण समजा.

मैलाचा दगड

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी विकणारा होतो आणि कागद पूर्ण करण्याची निकड विकणाऱ्यालाही तेवढीच असते, हे मला फार उशिरा कळले.

२०१४ साली मी माझी मोटारसायकल जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला दिली. टीटी फॉर्मवर सह्या केल्या, खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी सोडली, पैसे घेतले आणि तो विषय माझ्यापुरता संपला. तीन वर्षांनी घरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे समन्स आले. माझ्या नावावर नोंद असलेल्या त्या गाडीने एका पादचाऱ्याला धडक दिली होती, त्याचा पाय निकामी झाला होता आणि गाडीचा विमा संपलेला होता. चालवणारा मुलगा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मधल्या काळात गाडी किती हातांतून गेली होती, हे व्यापाऱ्यालाही सांगता येईना.

माझ्या वकिलांनी मला मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५० दाखवले. राज्यातल्या राज्यात गाडी विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. म्हणजे कळवणे हे माझेही काम होते आणि मी ते व्यापाऱ्यावर सोपवून मोकळा झालो होतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्या निकालामागचे कारण मला पटते. जखमी माणसाने विक्रीच्या साखळीतली एकेक कडी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. भरपाईचा वाटा मी दिला. पैशांपेक्षा, त्या माणसाला न्यायाधिकरणात कुबड्यांवर चालताना पाहिले ते मनातून जात नाही.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी नियम आला आहे. गाडी त्यांच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी मधून आरटीओला कळवले की पुढची जबाबदारी व्यापाऱ्यावर जाते. माझ्या वेळी ही सोय असती तर, असा विचार येतोच. पण कोरा फॉर्म सही करून दिला होता तो मीच.

झाकोळ

मैलाचा दगड, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. माझे मोठे दीर नेमके असेच सह्या करून गाडी देणार होते. त्यांना आत्ताच हे वाचून दाखवले.

आता माझा अनुभव. आमच्या गाडीत माणसे चांगली, कागद पूर्ण, तरीही हस्तांतरण अडले, ते एका अक्षरासाठी. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे मुळात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. आमच्या आरसीवर शून्याच्या जागी ओ छापलेले होते. गाडीवरून पेन्सिलने उमटवलेल्या पट्टीत ते शून्य होते. चूक कुणाची, हे उघड होते, पण दुरुस्तीचा अर्ज जुन्या मालकाच्या नावानेच करावा लागला आणि ते तेव्हा परगावी मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. आम्ही त्यांना घाई केली नाही. दोन महिने गाडी झाकून ठेवली.

सांजदिवा

आमच्या वेळी सही जुळेना. विकणाऱ्या काकांना मधे अर्धांगवायूचा झटका आला होता आणि उजवा हात कापत होता. त्यांच्या मुलाने डॉक्टरांचा दाखला जोडून त्यांना प्रत्यक्ष कार्यालयात आणले. अधिकारी स्वतः खाली गाडीपाशी आले आणि तिथेच सही घेतली. त्या अधिकाऱ्यांचे आजही मनापासून आभार वाटतात.

उंबरठा

आता सहीइतकाच मोबाइल नंबर अडवतो. माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी गाडी घेतली, सगळे ऑनलाइन भरले, आणि विक्रेत्याच्या संमतीचा ओटीपी गेला तो शोरूममधल्या कुणाच्या तरी नंबरवर, कारण गाडी नवी घेतली तेव्हा तोच नंबर नोंदवला गेला होता. मालकाला आधी स्वतःचा नंबर नोंदीत बदलून घ्यावा लागला. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून, नोंदीतला नंबर चालू आहे ना, एवढे तरी तपासा.

जुनेपान

विम्याचे कुणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. कलम १५७ प्रमाणे, गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. आम्ही आरसी येईपर्यंत थांबलो, मधेच गाडी घसरून टाकी चेपली, आणि आमच्या नुकसानीचा दावा कंपनीने नाकारला. तो दावा मिळणार नाही, हे पॉलिसी नीट वाचली असती तर आधीच कळले असते.

पाऊलवाट

दुसऱ्या राज्यातली गाडी घेणाऱ्यांनी विक्रेत्याला फॉर्म २८ ची एनओसी काढल्याशिवाय सोडू नये. ती मूळ आरटीओतूनच मिळते, आणि आमच्या विक्रेत्याची जुनी ई-चलने थकलेली असल्यामुळे ती अडली. चलने त्याची होती, म्हणून त्यानेच भरावीत यावर आम्ही ठाम राहिलो, आणि त्या ठामपणात चार महिने गेले. आज वाटते की मी भरून मोकळा झालो असतो तर बरे झाले असते, कारण त्या चार महिन्यांत विक्रेत्याची बदली झाली आणि मग पुढचे सगळे पोस्टाने चालले.

रानवाट

उंबरठा ताई, तुम्ही म्हणालात तसे तपासले. गाडीवर बोजा आहे. विक्रेत्याला विचारल्यावर त्याने फोन ठेवून दिला. उद्या सकाळी मोठ्या भावाला घेऊन त्याच्या घरी जातो आहे.

उंबरठा

दादा, पैसे दिल्याची नोंद, त्याचे संदेश आणि गाडीचा ताबा घेतल्याची तारीख, हे सगळे एका जागी लिहून सोबत न्या. आवाज न चढवता बोला. तो कर्ज फेडायला तयार असेल तर कंपनीच्या कार्यालयात तुम्हीही बरोबर जा, पैसे त्याच्या हाती पुन्हा देऊ नका. तो नकार देत असेल, तर परतताना थेट पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

पिंपळपान

सर्वांचे प्रतिसाद काल रात्री भाच्याला वाचून दाखवले. मैलाचा दगड यांचे लिखाण त्याने दोनदा वाचायला लावले. आरसीवर बोजा नाही, नोंदीतला मोबाइल चालू आहे, विकणारा हाच पहिला मालक आहे, एवढे तपासून झाले. मालकाची सही अजून व्हायची आहे, म्हणून किल्ली माझ्याकडे आहे आणि भाच्याने ते आनंदाने मान्य केले.

आज सकाळी त्याला चासी नंबर उमटवायला शिकवले. कागद सरकत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला आणि त्याने पेन्सिल घासली. सतराही अक्षरे स्वच्छ आली आणि आरसीशी जुळली. विकणारा गुरुवारी साडेदहाला आरटीओत येणार आहे.