कुपवाडला शॉपमध्ये इरिडियमची रेडिओग्राफी होते, सर्वे मीटर कुठला घ्यावा?

कुपवाडचा_क्यूए
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं व्हॉल्व्ह कास्टिंगचं काम आहे, मोठ्या जॉबची आरटी (किरणं आरपार सोडून आतले दोष बघायची रेडिओग्राफी) करायला बाहेरची एजन्सी येते, रात्री दुसरी शिफ्ट सुटली की इरिडियमचा कॅमेरा, म्हणजे किरणोत्सारी सोर्सची पेटी, घेऊन. आता मालक म्हणतायत रेडिएशन मोजायचा आपला स्वतःचा मीटर असू दे, ते काय दाखवतात ते आपल्याला बी कळू दे. ऑनलाइन पाच-सात हजारात पेनसारखे मिळतात ते चालतील का? आणि आमच्या पोरांना टीएलडी बॅज (अंगावर लावून डोस नोंदवणारे) लागतात का?

हळद_मार्केट
मीटर कशाला, मोबाइलवर ॲप असतंय की, कॅमेऱ्यावर काळी टेप लावायची, फुकटात काम.

आरटी२_सातारा
ॲप घरी गंमत म्हणून ठेवा दादा, रेडिओग्राफीला नको.
क्यूए भाऊ, २० क्यूरीचा (क्यूरी म्हणजे सोर्सची ताकद) इरिडियम-१९२ उघडा असला तर १ मीटरवर ताशी साधारण १०० मिलिसिव्हर्ट डोस देतो, आणि वर्करची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आहे, म्हणजे बारा मिनिटांत वर्षाचा कोटा संपला. पेनमधली छोटी जीएम ट्यूब (किरणं मोजणारी गायगर नळी) एवढ्या फील्डमध्ये चोक होते, पल्स इतक्या दाट येतात की ती मोजायचंच सोडते आणि काही स्वस्त मीटर तर सरळ शून्याकडं येतात. सोर्स पुढ्यात उघडा आणि मीटर म्हणतोय सगळं ठीक! त्यामुळं दुकानदाराला पहिलं हे विचारा, की रेंजच्या वर गेल्यावर मीटर काय दाखवतो. ओव्हररेंज दाखवून अडकून राहणारा पाहिजे, ट्यूब एनर्जी कॉम्पेन्सेटेड (कमी-जास्त ऊर्जेच्या किरणांचा डोस बरोबर दाखवणारी) पाहिजे, आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मान्यताप्राप्त लॅबचं. हे तिन्ही पाच हजारात बसत नाय.

कुपवाडचा_क्यूए
बापरे. मग ते लोक आत कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधतात ती किती अंतरावर पाहिजे? आमच्या भिंतीपलीकडं दुसरं युनिट आहे, तिथं रात्रपाळी असते.

आरटी२_सातारा
अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई. वरचाच सोर्स, कॉलिमेटर (किरणं एकाच दिशेला सोडणारं कवच) नाय धरला, तर ताशी १० मायक्रोसिव्हर्टवर (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग) यायला १०० मीटर लागतात. म्हणून टंगस्टनचा कॉलिमेटर आणि बीमची दिशा रिकाम्या बाजूला, यावर अडून बसा. शेजारच्या पोरांना पब्लिकची मर्यादा लागू, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. भिंतीपलीकडं जाऊन रीडिंग घ्यायला लावा, कॅमेऱ्यापाशीच उभं राहून दोरी बांधणारे लई बघितलेत. आणि एजन्सीकडं एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, तुमच्या साइटसाठी सोर्स हलवायची मंजुरी, ट्रेंड रेडिओग्राफर, हे कागद आधी मागा. लाजायचं कारण नाय, तुमच्याच छताखाली चाललंय.

मिरजेची_फिजिसिस्ट
मी रेडिओथेरपीत आहे, आमच्या ब्रेकीथेरपीच्या (शरीराच्या आतून रेडिएशन द्यायच्या) मशीनमध्ये पण इरिडियम-१९२ च असतो, साधारण १० क्यूरीचा. हाफ लाइफ ७४ दिवस, त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. एजन्सीला सोर्स आज किती क्यूरीचा आहे ते विचारा, लेबलवरचा आकडा जुना असतो.
टीएलडी जे सोर्स हाताळतात त्यांना, दोरीच्या बाहेर राहणाऱ्या तुमच्या स्टाफला लागत नाही. शिवाय तो तीन महिन्यांनी लॅबमध्ये वाचतात, जागेवर ओरडत नाही. सावध करायला अलार्मवाला पॉकेट डोसिमीटर लागतो आणि तो रेडिओग्राफरच्या खिशात आहे ना ते बघून घ्या.
मीटर आला की आधी शॉपच्या बाहेर चालू करून बॅकग्राउंड, म्हणजे नैसर्गिक रेडिएशन, बघा. आपल्याकडचा काळा पाषाण फार काही देत नाही, ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किंवा कमी. तिथंच काटा नाचायला लागला तर बॅटरी नाहीतर मीटर खराब.

आरटी२_सातारा
मॅडम बरोबर. एक राहिलं. काम सुरू व्हायच्या आधी बंद कॅमेऱ्याला मीटर लावून रीडिंग लिहून घ्या. प्रत्येक शॉटनंतर सोर्स आत ओढला की तेवढंच यायला पाहिजे. मीटर हातात धरून, आधी कॅमेऱ्यापाशी मग गाइड ट्यूबच्या (सोर्स बाहेर जातो त्या नळीच्या) बाजूनं. जास्त आलं तर सोर्स पूर्ण आत आलेला नाय, मागं सरायचं आणि त्यांच्या आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) फोन. सोर्स आत ओढायची क्रँक फिरवली म्हणजे आला आत, असं धरून फिल्म काढायला जातात ना, तिथंच माणसं भाजतात.

हळद_मार्केट
आमची हळद वाशीला रेडिएशन करून आणतात, ती पण अशी तापलेली असते काय मग 😅

मिरजेची_फिजिसिस्ट
नाही हो काका, गॅमा किरणं आरपार जातात, हळदीत काही उरत नाही. खुशाल विका.

कुपवाडचा_क्यूए
आभार सगळ्यांचे. पेन कॅन्सल. मालकांना चांगल्या मीटरचं कोटेशन दाखवतो, आणि यावेळी एजन्सी आली की कागद बघितल्याशिवाय गेट उघडायचं नाय असं सिक्युरिटीला सांगून ठेवलंय. सेकंडहँड मीटर कुणाकडं असेल तर सांगा, पण सर्टिफिकेट चालू पाहिजे.